न मारलेली उडी

उडी मारायची वेळ आली आणि रणगाड्याने ती मारलीच नाही.

बघणाऱ्यांना वाटतं, एका पैलवानाने दुसऱ्याला डोक्यावर उचललं म्हणजे काय ताकद! अहो, सव्वाशे किलोचा गडी असा कुणाच्या बापालाही उचलता येत नाही. ज्याला उचलायचं असतं तोच खालून उडी मारतो, दुसरा नुसता झेलतो. ह्या कुस्त्यांत निकाल आधीच ठरलेला असतो. पडणाऱ्यानेच जिंकणाऱ्याला मोठं करायचं, आणि आज दुपारच्या खेळात कुस्तीच्या कंपनीतल्या जुन्या पैलवानाने, रणगाड्याने, तुफानला मोठं करायचं होतं.

तुफान म्हणजे कंपनीतला नवा पोरगा. देखणा, कामसू, आजवर नुसता हरत आलेला. मालकीणबाईंनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "एक नाव चाललं की आपल्या सगळ्यांच्या चुली पेटतात. आज लोकांनी ह्याला डोक्यावर घेतला पाहिजे."

"आणि नाव झालं की पाखरू भुर्रकन मोठ्या कंपनीच्या फांदीवर," रणगाडा म्हणाला होता. "मागच्या वेळी हेच झालं. आपण बसलो हात चोळत."

"तरी तो मागचा होता तोवर हॉल भरत होता ना? तुमच्या नावावर आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, रणगाडेसाहेब!"

सगळे हसले. रणगाडाही हसला, पण ते त्याच्या फार मनाला लागलं.

दुपारी ठरल्या वेळी तुफानने त्याच्या कमरेला विळखा घातला आणि कानाशी पुटपुटला, "चला, काका." रणगाड्याने पाय रोवले. तुफानच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पाय लटपटले. त्याने दम घेतला, पुन्हा जोर लावला. "काका, चला ना..."

"अरे, आधी जेवून ये!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉलभर हशा पिकला. पहिल्या रांगेत तुफानची आई बसली होती. तिने मान खाली घातली. रणगाड्याला ती दिसली, तरी तो हलला नाही. उलट त्यानेच तुफानला आडवा केला आणि वर बसला. पंच बावचळला, पण आकडे मोजण्यावाचून त्याला तरी दुसरा काय इलाज होता? शिट्ट्या पडल्या. कितीतरी दिवसांनी पडल्या. क्षणभर रणगाड्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

कपडे बदलायच्या खोलीत मालकीणबाई तणतणत आल्या. "हा काय तमाशा? रणगाडे, तुम्ही उडी मारली होती ना?"

रणगाड्याने तोंड उघडलं.

"मारली हो त्यांनी," तुफान मध्येच म्हणाला. "माझेच हात घसरले. घाम फार आला होता."

रणगाड्याने तोंड मिटलं.

"मग मीच तुला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं," मालकीणबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारपासून तू परत पहिल्या कुस्तीत, पडायला. शेवटची कुस्ती रणगाड्यांचीच." आणि त्या निघून गेल्या.

हवं होतं ते सगळं रणगाड्याच्या पदरात पडलं होतं, आणि त्याला मान वर करवेना. चोर तो चोर वर शिरजोर, तसं तरी व्हावं माणसाने. तेही जमेना.

तुफानने दार लोटलं, कोपऱ्यातल्या पेटीतून बर्फ घेतला आणि त्याच्यासमोर फरशीवर बसला.

"काका, गुडघ्याने दगा दिला ना? मला तेव्हाच कळलं. नाहीतर तुम्ही काय उडी चुकवणार! मालकीणबाईंसमोर मुद्दाम बोललो नाही. गुडघा गेला म्हटलं तर त्या तुम्हाला घरीच बसवतील."

रणगाड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते अगदी जिभेवर आलं, पण बाहेर पडलं ते नुसतं "हं."

"कानात सांगायचं ना मला. मी दुसरा डाव टाकला असता." तुफानने बर्फ फडक्यात बांधला. "कुठला दुखतोय? उजवा की डावा?"

रणगाडा आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला. दोन्ही चांगले धडधाकट होते.

तुफानचा हात थांबला. त्याने वर पाहिलं. रणगाड्याने नजर चुकवली. मग तुफानने फडक्याची गाठ सोडली, बर्फ दोन फडक्यांत सारखा वाटला आणि दोन्ही गुडघ्यांवर घट्ट बांधला.