कर्त्याचं नाव

"इथं घरच्या कर्त्याचं नाव घ्यायचं, सर," मी म्हणाले. त्यांना स्वतःच्या लेकीच्या हळदीला आमच्या बोलीतलं गाणं म्हणायचं होतं. त्यांनी घोकून पाठ केलं. अर्थ विचारला नाही.

तेव्हाही विचारला नव्हता. ते आमच्या पाड्यावर गाणी गोळा करायला आले होते, त्याच दिवसांत माझी आई गेली. आम्ही बाया तिरडीशी गात रडलो, ते त्यांनी मोबाइलमध्ये भरून नेलं. पुढे शहरातल्या त्यांच्या कार्यक्रमात त्या गाण्यावर मुली नाचल्या.

हळदीत सर माइकवर डोळे मिटून गायले. तिरडी उचलताना आम्ही जिथे मेलेल्याचं नाव घेतो, तिथे त्यांनी स्वतःचं घेतलं. पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मी रिवाजाप्रमाणे पदर डोळ्यांना लावला. "किती हळवी असतात ही माणसं," शेजारची बाई म्हणाली.