जाईबाईची गोफण

बब्रुवान हवाई दलात फिटर होता. मुरुमला परतल्यावर गावकऱ्यांनी त्याला पायलट करून टाकलं. दूध सोसायटीच्या नव्या यंत्राच्या खोक्यातलं थर्माकोल कापून त्यानं रेडिओवर चालणारं लढाऊ विमान बनवलं. दुष्काळात तगलेल्या एकुलत्या ज्वारीवर ते घोंगावलं, पाखरं पळाली आणि शेतातल्या माळ्यावरून राखण करणारी जाईबाई हसली. तेवढ्यात बब्रुवानच्या हातातला, विमान चालवणारा रेडिओ बंद पडला. गरगरता पंखा घेऊन विमान बाभळीला टांगलेल्या झोळीकडं निघालं. झोळीत जाईबाईचं तान्हं होतं. "वैनी, गोफण मारा!" तो किंचाळला. "अवो, दगड लेकराला लागला तर?" पाखरावरचा नेम चुकला तर चार कणसं जातात, एवढाच तिचा आजवरचा हिशेब; आता नेमापलीकडं लेकरू होतं. तरी तिनं गोफण फिरवली. विमान मोडून झोळीच्या वीतभर अलीकडं पडलं. गोफणीत दुसरा दगड भरत ती म्हणाली, "भावजी, आता तुमी पळा."