पायरीवरचं गाणं

"गाणं कापलं म्हणजे? खिडकीचं गाणं?"

तालमीच्या हॉलमध्ये पेटीवाल्याचा हात थांबला. बारकीच्या आईने नव्या गाण्याचा कागद मास्तरांच्या पुढ्यात आपटला. मास्तर म्हणजे नाटकाचे संगीतकार. ते चष्मा पुसत बसले.

"कापलं नाही, ताई. बदललं. आता ती खिडकीत उभी राहणार नाही. पुढे पायरीवर बसून हे म्हणेल. छोटं आहे, सोपं आहे."

"सोपं! पाच सुरांत संपतंय. माझी मुलगी काय बालवाडीत आहे?"

कोरसमधली दोन पोरं फिसकन हसली. आईने नुसतं वळून पाहिलं आणि पोरं गप्प झाली.

राग यावा असंच होतं. तीन वर्षं नाटक तरलं होतं ते दीपगृहाच्या राखणदाराच्या लहान मुलीमुळे, म्हणजे बारकीच्या भूमिकेमुळे. तिला तीन गाणी होती. गेल्या हंगामात बाहुलीचं गाणं गेलं, प्रयोग लांबतो म्हणून. मग बोटीचं गेलं आणि त्या जागी चार ओळींचं काहीतरी कोरसच्या गळ्यात मारलं. उरलं होतं खिडकीचं. बाप वादळात अडकलाय, मुलगी खिडकीतून त्याला हाक मारते, आणि त्या हाकेचा वरचा सूर इतका टिकतो की लोक खोकायचेसुद्धा थांबतात. मध्यंतराचा पडदा टाळ्यांतच पडायचा. एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं, 'वयाच्या मानाने गळा फारच तयार.' ते कात्रण आई सतत जवळ बाळगायची.

"बदलायला कोणी सांगितलं?"

"नाव सांगणार नाही. शब्द दिलाय."

म्हणजे कोणीतरी होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंना तिने मेकअपच्या खोलीत गाठलं.

"आमच्या टाळ्या सलत होत्या ना तुम्हाला?"

"अहो, मला माझे संवाद आठवत नाहीत. तुमची गाणी कुठे मनात धरून बसू?" बाई आरशातूनच म्हणाल्या.

मॅनेजरने सरळ हात वर केले. त्याला म्हणे सकाळीच कळलं होतं. सगळेच साळसूद. ती पुन्हा हॉलमध्ये आली तेव्हा मंडळी पांगली होती आणि मास्तर एकटेच वायरी गुंडाळत होते. साऊंडच्या टेबलाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

"केसाने गळा कापलात, मास्तर. ताप होता तेव्हासुद्धा सूर हलला होता का? तुम्हीच सांगा."

"नाही हलला."

"मग?"

मास्तरांनी वायरीचा वेढा पूर्ण केला. "ताई, ती दहा वर्षांची झाली."

"म्हणून?"

"म्हणून काही नाही. उद्याचा प्रयोग समोर बसून बघा. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो."

"माझी जागा मला माहीत आहे," ती म्हणाली आणि निघाली.

तिची जागा खिडकीमागे होती. रंगवलेल्या भिंतीच्या पाठीमागे, अंधारात, एक स्टूल. पोर घाबरते म्हणून आई तिथे थांबते, असं सारी मंडळी म्हणत. प्रयोग चालू असताना तिकडे कोणी फिरकायचं नाही, हा मास्तरांचा नियम होता.

घरी बारकी आइसकांडी चोखत बसली होती. ओठ लालभडक. आईने त्याबद्दल तिला कधी हटकलं नव्हतं. ती स्वतः मात्र गरम पाण्याशिवाय काही पीत नसे. सवय जुनी, लग्नाआधी गात होती तेव्हाची. संसारात गाणं सुटलं. त्याचा राग तेवढा सुटला नव्हता.

"तुला कोणी काही बोललं का गं?"

"नाही."

"मग गाणं कसं बदललं?"

"मला नवं आवडतं, आई."

"तुला काय कळतंय त्यातलं. उद्या जुनंच होणार. पेटी वाजायच्या आधीच सुरू करायचं. तू फक्त खिडकीत येऊन उभी राहा, बाकी मी बघते."

बारकीने मान हलवली. कांडी संपली तरी ती काडी चघळत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. थिएटर भरलेलं होतं. बारकीने आपणहून आईची कापडी पिशवी उचलली आणि भिंतीमागे नेऊन ठेवली. गुणाची पोर, आईला वाटलं. अशा पोरीचं गाणं कापतात मेले.

वादळाचा प्रसंग सरला, दिवे मंद झाले. आई स्टुलावरून उठली. थर्मासमधल्या गरम पाण्याचे दोन घोट घेतले, घसा हळूच साफ केला आणि फटीतून पाहिलं. बारकी खिडकीकडे येत नव्हती. ती सरळ पुढे गेली आणि भिंतीकडे पाठ करून पायरीवर बसली.

बरं, पायरीवर तर पायरीवर. आता ती माघार घेणार नव्हती. तिने पिशवीत हात घातला. शाल लागली, खोकल्याच्या गोळ्यांची डबी लागली, कात्रण ठेवलेली पर्स लागली. पुन्हा चाचपलं. मग पिशवी स्टुलावर उपडी केली.

माईक नव्हता.

पायरीवरून एक बारीक, कोवळा आवाज आला. दुसऱ्याच ओळीला घसरला, सावरला, पुन्हा चालू लागला. रिकामी पिशवी हातात धरून आई अंधारात उभी राहिली. नाटकाला तीन वर्षं झाली होती, आणि बारकी आज पहिल्यांदा गात होती.