बापूंना पडलेलं मत

"मावशी, मत कुणाला देणार?" भाचीने सरळच विचारलं.

"तुलाच की," कंडक्टरताई म्हणाल्या आणि तिकिटांची पिशवी उगाचच आवरू लागल्या. एकाच बसवर दोघी होत्या. भाची बस चालवायची, मावशी तिकिटं फाडायच्या.

आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत युनियनची समिती जमली होती. अध्यक्षपदासाठी दोनच नावं होती, बापू आणि भाची. इतकी वर्षं अध्यक्ष असलेल्या बापूंनी यंदा व्यवस्थापनाच्या करारावर सही केली आणि हंगामी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. भाची त्या कामगारांसाठी भांडत होती. तिचं बरोबर होतं, आणि ताईंना ते पटलंही होतं.

पण बापू म्हणजे बापू. संपात ताईंवर उगारलेली काठी त्यांनी स्वतःच्या पाठीवर झेलली होती. ताईंचे यजमान इस्पितळात होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहिले ते बापूच.

चिठ्ठी हातात आली आणि ताईंचं पेन अडखळलं. समोर बापू चष्मा पुसत होते, खांदे पडलेले. ताईंनी घाईघाईने नाव लिहिलं, घडी घातली आणि चिठ्ठी रिकाम्या हत्यारपेटीत टाकली. वर बघायचा धीर झाला नाही.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने चिठ्ठ्या उघडल्या. भाची. भाची. पुन्हा भाची. एक बापू. मग शेवटपर्यंत भाचीच.

"एकच मत!" मागून कुणीतरी फिसकन हसलं. "बापूंनी स्वतःलाच घातलेलं दिसतंय!"

खोलीत हशा पिकला. बापूंचे कान लाल झाले. ताईंनी मान खाली घातली.

भाचीने येऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले. "शब्द पाळलास, मावशी!"

ताई कशाबशा सुटल्या आणि बाहेर आल्या. बापू सायकलचं कुलूप काढत होते.

"हसणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, बापू," त्या पुटपुटल्या. "माझं चुकलंच."

"तुमचं काय चुकलं?" बापूंनी वर पाहिलं. "माझ्या सहीने लोकांच्या पोटावर पाय आला. म्हणून मी मत पोरीलाच दिलं. म्हटलं, एकमताने पडलो की निदान त्यांना तोंड दाखवता येईल."

बोलता बोलता ते थांबले.

"मग ते एक तुमचं का, ताई?"