चौथ्यांदा काढलेली कळी

"मॅडम, फिर वही आया," असं म्हणत विणकराने वीतभर कापड टेबलावर टाकलं आणि तो परत लूमकडे वळला.

मनालीने कापड उजेडात धरलं. काठावरच्या कळीची डावी पाकळी याही वेळी तोकडी. फरक एका धाग्याचा, पण नजरेला टोचायचा. चार वाजता व्यापारी नमुना न्यायला येणार होता. शिवाय तिच्या वडिलांनी, केसरीनाथ शेटनी, सकाळीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "आज कळी सरळ न्हाय आली, तर कोंडूला घरी बसवतो. डोळे गेले आता त्याचे."

कोंडूकाका शेजारच्या बाकावरच बसले होते. कारखान्यातल्या सगळ्या नक्ष्या त्यांच्या हातच्या. ग्राफच्या कागदावर ते एकेक घर पेन्सिलीने भरत. एक घर म्हणजे एक धागा. मनाली तो ग्राफ कॉम्प्युटरवर फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवायची. कम्पाइल करताना एक छोटा प्रोग्राम ती फाइल वाचून तिचा कोड तयार करायचा, आणि तो कोड लूमला जोडलेल्या, धागे उचलणाऱ्या डब्यात जायचा. डबा तिने स्वतः बनवला होता, छोटा प्रोग्रामही तिचाच. तिला त्याचा भारी अभिमान होता.

"काका, परत तसंच आलंय. ग्राफ नीट बघा ना एकदा."

आज हे तिसऱ्यांदा.

"बघतो, बाय." काकांनी कागद नाकापाशी नेला. "मी तर मोजून भरलेला... असंल. माझंच चुकलं असंल." त्यांनी त्याच कागदावर खोडरबर फिरवला, दोन घरं पुसली, पाकळीला तीन नवी जोडली. मनालीने त्याच फाइलमध्ये बदल करून ती सेव्ह केली आणि कम्पाइल केलं. एरर शून्य.

शून्य बघून तिला बरं वाटायच्या ऐवजी आणखीच कसंतरी झालं. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. डब्याच्या वायरी तिने दोनदा तपासल्या होत्या, केबल बदलली होती, प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला होता. प्रोग्राम चुकत नाही, माणूस चुकतो, हे तिला डिप्लोमात कोणी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवलं होतं.

किती वाजले म्हणून तिने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. बारा बेचाळीस. हातातल्या घड्याळात सव्वादोन. दीड वाजता लोडशेडिंग संपून लाइट आली होती, त्याला आता पाऊण तास होत आला होता. तिने माउस त्या आकड्यांवर नेला. तारीख उमटली: एक जानेवारी २०००.

आठ वर्षं मागे.

तिने घाईघाईने फाइलींच्या तारखा काढल्या. कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल अलीकडेच मेला होता. रात्री मेन स्विच बंद केला की, किंवा लाइट गेली की, घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसावर. काकांच्या ग्राफची फाइल त्यामुळे २००० सालची दिसत होती, आणि तयार कोड दहा दिवसांपूर्वीचा. ग्राफ जुना, कोड नवा, मग पुन्हा कशाला खपायचं, असं समजून कॉम्प्युटरने तो छोटा प्रोग्राम सकाळपासून चालवलाच नव्हता. लूम जे विणत होता, ती दहा दिवसांपूर्वी डबा चालतो की नाही हे बघायला तिने स्वतः घाईघाईत टाइप केलेली अशीच एक कळी होती. डाव्या पाकळीतला एक धागा खाल्ला होता तो तिनेच.

मनालीचे कान तापले. तिने तारीख दुरुस्त केली, जुना कोड पुसला, कम्पाइल केलं आणि डब्यात नवा कोड भरून ती स्वतः लूमपाशी जाऊन उभी राहिली.

वीतभर कापड उतरलं. या वेळी कळी वेगळी होती. डावी पाकळी फुगून बाहेर आलेली, सगळी कळी त्या बाजूला कललेली. यंत्राने आता काकांच्या ग्राफातलं घर न् घर इमानाने विणलं होतं. तीनदा खोडून, तीनदा वाढवलेलं.

केसरीनाथ शेट मागे येऊन उभे होते. कापड बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "झालं! ही तर आणखीच बिघडली. कोंडू, तू ऊठ आता."

"बाबा, थांबा," मनाली म्हणाली. लूमच्या खडखडाटात तिला ओरडावं लागलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "चूक माझी आहे. काकांचा पहिला ग्राफ मशीनने वाचलाच नव्हता. तो बरोबर असणार. मीच त्यांना बदलायला लावला."

शेटनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मग तोच विण. तास हाय अजून."

"कसा विणू? कागदावरचा पुसला, फाइलमधला मी पुसला." ती काकांकडे वळली. शरमेने तिला त्यांच्याकडे नीट बघवतही नव्हतं. "काका, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. पहिल्यांदा काढली होती ना, तश्शीच काढून द्या."

तिने कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी पेन्सिल घेतली. देठ झरझर भरला. उजवी पाकळी भरली. डावीपाशी आल्यावर हात थांबला. त्यांनी एक घर भरलं, ते पुसलं, पुन्हा भरलं. मग पेन्सिलीचं टोक त्या घरावर तसंच ठेवून त्यांनी मान वर केली.

"बाय," त्यांनी विचारलं, "ह्ये भरू, का नको?"