दुसरा एक्स-रे

नवेगाव बांधच्या रस्त्यावर दुचाकी घसरली आणि उमेंद्रचं उजवं मनगट मोडलं. अर्जुनीच्या एक्स-रे केंद्रात त्याचा हात काही केल्या स्थिर राहीना, तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या जागेश्वरनं त्याच्या बायकोच्या, रेणूच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला.

"वयनी, मनगटाच्या मागं घट्ट धरून ठेवा."

संगणकावर चित्र उमटलं. मोडलेलं हाड दिसत होतं आणि त्याला सावरून धरणारा दुसरा हातही.

"अंगठी काढा म्हटलो होतो ना?"

"मी अंगठी घालतच नाही, भाऊ." रेणूनं दोन्ही हात पुढं केले.

पडद्यावरच्या हातात मात्र अंगठी लख्ख पांढरी दिसत होती.

जागेश्वरनं मशीनला शिव्या घातल्या. या खेपेला त्यानं रेणूला बाहेर, आपल्या शेजारी काचेमागं उभं केलं आणि उमेंद्रच्या हातावर वाळूची पिशवी ठेवली. खोलीत आता उमेंद्र एकटाच होता.

दुसऱ्या चित्रातही तो हात होता. आता तो खाली सरकला होता, आणि त्यानं उमेंद्रच्या बोटांत बोटं गुंफली होती.

उमेंद्र बाहेर आला. तो घाबरेल, हे काय म्हणून विचारेल, असं रेणूला वाटलं. पण पडद्यापाशी वाकून तो त्या परक्या हाताच्या मोडून वाकड्या जुळलेल्या करंगळीवरून डाव्या हाताचं बोट फिरवू लागला.

आठ वर्षांच्या संसारात रेणूनं त्याचा इतका हळवा आवाज कधी ऐकला नव्हता.

"तुले म्हटलो होतो ना, पलस्तर इतक्या लवकर नोको काढू."