रश्शातला गूळ

तात्यापारा मोहल्ल्यातल्या विजयाबाईंचा टेबलावरचा कॉम्प्युटर मान टाकायच्या बेतात होता, तेव्हा त्यातल्या पाककृतींची फाइल त्यांच्या लेकीनं, ज्ञानदानं, क्लाउडवर चढवली. "आता ती या डब्यात अडकलेली नाही, आई. कुठूनही उघडेल, दोघींनाही."

पुढं ज्ञानदाच्या लग्नावरून मायलेकींचं वाजलं. लेक बेंगळुरूला निघून गेली आणि फोन थांबले. आधी कोणी करायचा, यात दोघी तोडीस तोड. नमतं घेणं दोघींच्याही हिशेबात नव्हतं.

एका संध्याकाळी विजयाबाईंनी मोबाइलवर ती फाइल उघडली आणि पाटवडीच्या रश्शात वाटीभर गूळ लिहून टाकला.

त्यांचे यजमान श्यामराव मागून डोकावले. "काहून वं, रश्शात गूळ? नागपूरच्या माहेराचं नाव बुडवून राहिली का?"

"तुम्ही गप बसा नं. पाहून राहिली मी."

थोड्या वेळानं फाइलच्या कोपऱ्यात ज्ञानदाचं नाव उमटलं आणि गूळ पुसला गेला.

"हव, बरी आहे पोट्टी," म्हणत विजयाबाई कणीक मळायला उठल्या.

मग रोज एक चूक. कधी भरड्याच्या वड्यांत मैदा, कधी गोळाभातात साखर. तिकडून रोज दुरुस्ती यायची. फोन मात्र नाही.

एके दिवशी घरी पाहुणे आले आणि चूक करायची राहूनच गेली. रात्री आठवण होताच विजयाबाईंनी घाईनं फाइल उघडली. ज्ञानदाचं नाव कोपऱ्यात आधीच येऊन बसलं होतं, आणि पाटवडीच्या रश्शात पुन्हा गूळ पडला होता. या खेपेला दोन वाट्या.